गरनाळ्याच्या दोन बाजू : सुरतेतल्या रोजनिशीची पानं

५ जानेवारी २०२४, शुक्रवार. लिंबायत

अमळनेरला पॅसेंजरमध्ये चढले तेव्हा डबा भरलेला होता. दोंडाईच्याच्या एका बाईंनी सरकून घेतलं म्हणून टेकायला मिळालं. त्यांच्या पायाशी दोन पिशव्या होत्या. एकीत भरताची वांगी, दुसरीत कळण्याचं पीठ. मुलगा पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये, सून घरी बसून धागा कटिंग करते, नातू महापालिकेच्या मराठी शाळेत. समोरच्या बाकावरचे दोघे शिंदखेड्याचे, उधन्यात लूमवर. खिडकीजवळचा मुलगा नंदुरबारचा, पहिल्यांदाच निघालेला, मांडीवरची बॅग घट्ट धरून. एका डब्यात अर्धा खानदेश बसला होता आणि सगळ्यांचं उतरायचं ठिकाण एकच होतं.

हा मार्ग ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीचा. कंपनी १८९६ मध्ये उभी राहिली आणि तिचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन पेढीकडे होता. सुरतेपासून अमळनेरपर्यंत साधारण १५५ मैल ब्रॉडगेज रूळ पडले. १९०० मध्ये पुढची जळगावकडची जोडणी झाली आणि खानदेशचा कापूस थेट पश्चिम किनाऱ्यावर जाऊ लागला. आता हा मार्ग दुहेरी आहे, विजेवर चालतो. पूर्वी कापसाच्या गाठी जायच्या त्याच वाटेने आज माणसं जातात.

रूळ सव्वाशे वर्षांचे, वाट मात्र त्याहून फार जुनी. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेजवळ सुवाळीला उतरला आणि जहांगिराच्या भेटीला निघाला, तो नंदुरबारवरून बऱ्हाणपूरला गेला. नीळ, कापड, सोरा लादलेले बैलांचे तांडे याच तापीखोऱ्यातून बंदराकडे उतरत. सुरतेच्या तटाला एक बऱ्हाणपूर दरवाजा होता, तो या वाटेसाठीच. खानदेशातून सुरतेला येणं ही आमच्या काही पिढ्यांची गोष्ट नव्हे, हे आज गाडीत बसून नीट उमगलं.

नवापूरला गाडी थांबली. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. तिकीट खिडकी नंदुरबार जिल्ह्यात, स्टेशनमास्तरांची खोली तापी जिल्ह्यात. १९६० मध्ये दोन राज्यं झाली आणि सीमारेषा या स्टेशनातून गेली. एका बाकड्याच्या मधोमध रेघ ओढलेली आहे. उद्घोषणा हिंदी, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत होते. डब्यातल्या कुणी मान वर करून पाहिलं नाही. त्यांच्या लेखी नवापूर म्हणजे अर्धी वाट सरल्याची खूण.

उकाई सोनगड, व्यारा, मढी, बारडोली, चलठाण. अंधार पडता पडता उधना. इथे आमचा फाटा मुंबई-अहमदाबाद मार्गाला मिळतो. मामा फलाटावर उभे होते. "उनी का बाई?" एवढंच म्हणाले आणि पिशवी हातातून घेतली.

६ जानेवारी, शनिवार

मामा १९७५ मध्ये सुरतेला आले. बहात्तरच्या दुष्काळाने घरची कोरडवाहू शेती मोडली होती. गावातले दोघे आधी इथे आले होते, त्यांच्या खोलीत मामा राहिले. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रातपाळीचे त्याच अंथरुणावर झोपायचे.

आज ते मला लूमच्या खात्यावर घेऊन गेले. इथे कारखान्याला खातंच म्हणतात. बाहेरून पाहिलं तर साधी दुमजली इमारत, पत्र्याचं छप्पर, भिंतीला उंचावर लहान खिडक्या. आत पाऊल टाकलं आणि बोलणं संपलं. शटलच्या लूमचा आवाज असा की शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊनही शब्द पोचत नाही. कारागीर ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलतात. मागे बीमवर ताणलेला ताणा, धोटा इकडून तिकडे धावतोय, पुढे कापड गुंडाळलं जातंय. ताका भरला की उतरवायचा, मीटर मोजायचे, वहीत लिहायचे. मजुरी मीटरवर. धागा तुटून लूम थांबला तर मीटर थांबले, म्हणून कारागिराची नजर एकाच वेळी सगळ्या लूमवर फिरत असते. एकेका माणसाकडे सात-आठ लूम. पाळी बारा तासांची. सकाळी सात ते संध्याकाळी सात, नाहीतर संध्याकाळी सात ते सकाळी सात.

मामांच्या काळात खात्यात खानदेशी पुष्कळ होते. आता ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले कारागीर जास्त, उत्तर प्रदेश आणि बिहारचेही आहेत. नव्या खात्यांत वॉटरजेट आणि रॅपियर यंत्रं आली, त्यांचा वेग कितीतरी जास्त आणि माणसं कमी. जुन्या शटल लूमची खाती आता भंगारात निघत चालली आहेत. मी शेडचे फोटो काढले. भिंतीवर कारागिरांनी खडूने मांडलेले हिशेब, देवांच्या तसबिरी, पंख्याजवळ अडकवलेले डबे. किल्ल्याच्या भिंतीवरचा शिलालेख जपला जातो. या भिंतीवरचे आकडे शेड पाडली की जातील.

मामांना आता उजव्या कानाने ऐकू येत नाही. त्यांच्या वयाच्या लूमवाल्यांत ते घरोघर आहे.

संध्याकाळी गल्लीत उजेड असेपर्यंत बायका उंबऱ्याशी बसल्या होत्या. एम्ब्रॉयडरी मशीनवरून आलेल्या साडीच्या मागच्या बाजूला धागे लोंबतात, ते कात्रीने कापायचे. दुसरीकडे टिकल्या चिकटवण्याचं काम, तिसरीकडे लेसपट्टी. काम मोजून, पैसे साडीमागे. बोलणं अहिराणीत, हिशेब गुजरातीत. चिमुरड्या मुली साडीचं एक टोक धरून उभ्या राहतात आणि आईला मदत करतात. सुरतेची साडी देशभर नेसली जाते. तिचा शेवटचा हात या उंबऱ्यावर फिरतो.

८ जानेवारी, सोमवार

मामांच्या घरातून शहरात जायचं तर रूळ ओलांडावे लागतात. रुळांखालून जाणाऱ्या बोगद्याला सुरतेत गरनाळा म्हणतात. सकाळी आठला लिंबायतच्या गरनाळ्यात सायकली, रिक्षा, टेम्पो, शाळेची मुलं, डोक्यावर गाठोडं घेतलेले हमाल, सगळे एकाच तोंडातून घुसत होते. रुळांच्या पूर्वेला खाती आणि वस्त्या, पश्चिमेला बाजार आणि जुनं गाव. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १८६० मध्ये अंकलेश्वर ते उतराण हा आपला पहिला तुकडा सुरू केला. उतराण म्हणजे तापीचा उत्तर काठ, समोर सुरत. मग नदीवर पूल झाला आणि १८६४ मध्ये गाडी मुंबईपर्यंत पोचली. तेव्हा हे रूळ गावाबाहेरून, शेतांतून गेले होते. गाव वाढत वाढत त्यांच्या पलीकडे गेलं आणि शहराचे दोन भाग झाले.

सहारा दरवाजावरून रिंग रोडला आले. सहारा दरवाजा, मान दरवाजा, उधना दरवाजा, मजुरा गेट. नावं दरवाजांची, दरवाजे कुठेच नाहीत. सुरतेला दोन तट होते. आतला शिवाजी महाराजांच्या स्वारीनंतर औरंगजेबाच्या हुकमाने पक्का झाला, बाहेरचा आलमपनाह अठराव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला. बाहेरच्या तटाच्या रेषेवरून आज रिंग रोड जातो आणि त्याच्या कडेला कापडाची मार्केटं उभी आहेत. एकेका इमारतीत शेकडो दुकानं, गादी घातलेली, साड्यांचे थर छतापर्यंत.

रस्त्यावर पाहण्यासारखा असतो तो पोटला. साड्यांचं गाठोडं इतकं मोठं की उचलणारा माणूस त्याच्या मागे दिसेनासा होतो. डाइंग मिलमधून मार्केटला, मार्केटमधून घडीला, घडी करून पॅकिंगला, तिथून ट्रान्सपोर्टला. या प्रत्येक टप्प्यात खानदेशी माणूस आहे. घडीच्या गाळ्यात उभ्या उभ्या साडीची घडी घालणाऱ्या मुलांचे हात पाहिले. झटका, दुमड, पट्टी, शिक्का. एक मुलगा पारोळ्याचा निघाला. दहावीनंतर आला. "गावाला काय आहे ताई?" असं त्याने विचारलं. त्याच्या गावाला पाऊस आणि कापूस आहे, आणि दोघांचाही भरवसा नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

९ जानेवारी, मंगळवार

आज जुनं गाव. चौक बाजारात मेट्रोचं खोदकाम चालू आहे, निळ्या पत्र्यांमधून वाट काढत किल्ल्यापाशी पोचले.

हा किल्ला गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या काळात खुदावंदखानाने बांधला, १५४६ मध्ये पुरा झाला. पोर्तुगीज आरमार तापीतून येऊन गाव जाळत असे, त्याला आवर घालण्यासाठी. चार कोपऱ्यांना गोल बुरूज, नदीकडे तोंड. मुघल, इंग्रज, सरकारी कचेऱ्या असं सगळं पाहून झाल्यावर महापालिकेने तो दुरुस्त केला आणि आत संग्रहालय मांडलं. काम जीव लावून केलं आहे. जुना चुना, विटा, तोफांच्या जागा, सगळं समजावून सांगणारे फलक आहेत.

बुरुजावर उभी राहिले आणि १६६४ चा जानेवारी डोळ्यांपुढे आला. सुभेदार इनायतखान शहर सोडून याच किल्ल्यात शिरला होता. शिवाजी महाराजांचा तळ बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत. बोलणीसाठी म्हणून पाठवलेल्या माणसाने महाराजांवर खंजीर उगारला आणि त्यानंतर शहराला आगी लागल्या. विरजी व्होरासारख्या गर्भश्रीमंतांची घरं लुटली गेली. मोहनदास पारेख नावाच्या मृत दलालाचं घर मात्र तो दानशूर होता म्हणून सोडलं, कॅपुचिन पाद्री अँब्रोस यालाही धक्का लावला नाही, असं फ्रेंच प्रवासी बर्निए लिहून गेला. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले.

शाळेत मी हा धडा वर्षानुवर्षं शिकवला आणि अभिमानाने शिकवला. मुघलांच्या तिजोरीवरचा तो घाव होता, स्वराज्याला पैसा हवा होता, यात मला आजही शंका नाही. सुरतेच्या घरांत मात्र ती आठवण आगीची आहे, आणि तीही खरीच आहे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून मुलांना सांगता येतात, सांगायला हव्यात. त्याच बऱ्हाणपूर वाटेने पुढे आलेले मराठी लोक या शहरात राहिले आणि त्यांनी इथे कापड विणलं, हा धड्याचा पुढचा भाग आपल्या पुस्तकांत अजून आलेला नाही.

किल्ल्यापासून चालत मुघलसराई. १६४४ मध्ये शहाजहानच्या अमदानीत हकीकतखानाने बांधलेली धर्मशाळा, हजला निघालेल्या यात्रेकरूंसाठी. सुरत तेव्हा मक्केचं दार होती. देशभरातले यात्रेकरू इथे थांबून जहाजाची वाट पाहत. पुढे इमारतीचा तुरुंग झाला आणि १८६७ पासून नगरपालिकेची कचेरी. जन्मदाखला काढायला, घरपट्टी भरायला माणसं पावणेचारशे वर्षांच्या कमानीखालून आत जातात. जुन्या वास्तूला वापरात ठेवणं हीच तिची खरी राखण, असं मला इथे वाटलं. रिकामी राहिली असती तर पडली असती.

परतताना झांपा बाजाराजवळचा घड्याळाचा मनोरा पाहिला. १८७१ मध्ये खानबहादूर बरजोरजी मेरवानजी फ्रेझर यांनी स्वखर्चाने उभारला. १८३७ च्या आगीत या गावाची ९ हजारांहून अधिक घरं जळाली होती, लाकडी घरांच्या रांगाच्या रांगा. त्याच वर्षी पूर. लोक मुंबईला निघून गेले, बंदर आधीच मुंबईने नेलं होतं. असं बसलेलं गाव पुन्हा उभं राहत असताना कुणाला तरी सगळ्यांसाठी घड्याळ बांधावंसं वाटलं, याचं मोल मोठं आहे.

१० जानेवारी, बुधवार

कतारगाम दरवाजाजवळची इंग्रजांची दफनभूमी. नाव दफनभूमी, पण आत घुमट, कमानी, जिने. इंग्रजांची वखार १६१३ पासून इथे होती आणि वखारीचे लोक मुघल उमरावांसारखे मकबरे बांधून घेत. सगळ्यांत मोठी वास्तू ऑक्झिंडन बंधूंची. जॉर्ज ऑक्झिंडन १६६४ मध्ये वखारीचा अध्यक्ष होता, मराठ्यांच्या स्वारीत त्याने वखार लढवली. १६६९ मध्ये इथेच वारला.

डचांची दफनभूमी गुलाम फळियात, तिच्या लगत आर्मेनियन लोकांची. डचांकडे व्हान ऱ्हीडे या अधिकाऱ्याचा मकबरा आहे, दुमजली, मोठ्या घुमटाचा. १६९१ मध्ये जहाजावर वारला, इथे आणून पुरला. हाच माणूस मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडी ग्रंथामागे होता. केरळातल्या इट्टी अच्युतन या वैद्याने आणि तीन कोकणी वैद्यांनी त्याला वनस्पतींची माहिती दिली, आणि त्यांची नावं व प्रमाणपत्रं ग्रंथात छापली गेली. रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे ते तिघे. सतराव्या शतकातल्या युरोपीय ग्रंथात माहिती देणाऱ्यांचं श्रेय लिहिलं गेलं, म्हणून आज आपण त्या वैद्यांना नावाने ओळखतो. नाव लिहून ठेवण्याने एवढं होतं.

हे मकबरे पुरातत्त्व खात्याकडे आहेत. भोवती वस्ती, कपडे वाळत घातलेले, मुलं क्रिकेट खेळताहेत. पहारेकऱ्याने फाटक उघडून दिलं आणि सांगितलं की हॉलंडहून कधीमधी कुणी येतं, सुरतेचं फारसं कुणी येत नाही.

११ जानेवारी, गुरुवार

आज दिल्लीत निकाल जाहीर झाला. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये इंदूरच्या बरोबरीने सुरत देशात पहिली. गल्लीतल्या टीव्हीवर बातमी लागली आणि सफाई खात्यात असलेल्या शेजारणीच्या घरी पेढे आले. सगळ्या गल्लीने तिचं कौतुक केलं.

मामा मात्र १९९४ बद्दल बोलू लागले. त्या सप्टेंबरात प्लेगची बातमी फुटली. खाजगी दवाखाने बंद झाले, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळेनात. काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. "स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. तोंडाला रुमाल बांधून लोक टपावर बसले," मामा म्हणाले. मामी दोन मुलांना घेऊन गावी गेल्या. गावात काही घरांनी त्यांना महिनाभर पाणवठ्यावर येऊ दिलं नाही. मामा मागे राहिले, कारण खात्यात ठेवलेली मजुरी बाकी होती.

मृत्यूंचा सरकारी आकडा पन्नाशीच्या आसपास राहिला, पण शहराचं नाव जगभर गेलं. त्याआधीच्या पुराने साचलेला चिखल, मेलेली जनावरं, उघडी गटारं, आणि वस्त्या इतक्या दाट की कचऱ्याची गाडी आत शिरू शकत नव्हती. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांनी सकाळी कचेरीत न बसता रस्त्यावर फिरायचं, असा दंडक घातला. मुख्य रस्ते रात्री झाडायला सुरुवात झाली. हॉटेलं तपासली, नियम मोडणाऱ्या श्रीमंतांनाही दंड झाला, वस्त्यांत फरश्या, नळ आणि संडास आले. १९९६ मध्ये 'इंटॅक' संस्थेने चंडीगडनंतर सुरतेला देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं.

प्लेगने पळालेले लोक परत आले हेही विसरू नये. ते आले नसते तर लूम बंद राहिले असते. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला, तेव्हाही तसंच झालं. पाणी ओसरलं, चिखल काढला, खाती सुरू झाली. या शहराच्या चिवटपणाचं कौतुक भाषणांत होतं. तो चिवटपणा ज्यांच्या अंगमेहनतीवर उभा आहे, त्यांची नोंद व्हायला हवी.

१२ जानेवारी, शुक्रवार

गोपीपुऱ्याच्या बाजूला आमलीरानमध्ये कवी नर्मदांचं घर आहे, 'सरस्वती मंदिर'. महापालिकेने ते जपलं आहे. नर्मद १८३३ मध्ये सुरतेत जन्मले, मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकले, विधवाविवाहाच्या बाजूने उभे राहिले, 'दांडियो' हे पाक्षिक काढलं आणि एकट्याच्या बळावर गुजरातीचा कोश तयार केला. लोकहितवादी आणि विष्णुशास्त्री पंडित यांच्या काळातलाच हा माणूस, त्यांच्याइतकाच एकाकी लढलेला. लाकडी जिना, ओटा, उंच खिडक्या. जवळच्या शाळेतली मुलं आत रांगेने फिरत होती.

दुपारी नदीकाठी गेले. १९०७ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खरं तर ते नागपूरला व्हायचं होतं, जहालांचा जोर पाहून सुरतेला हलवलं गेलं. मंडप नदीजवळ, फ्रेंच गार्डन म्हणत त्या जागेत. २७ डिसेंबरला अध्यक्षपदावर रासबिहारी घोष असताना लोकमान्य टिळक सूचना मांडायला व्यासपीठावर उभे राहिले. त्यांना बोलू दिलं जाईना आणि ते हलेनात. तेवढ्यात एक दख्खनी जोडा भिरभिरत आला, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला, आणि सभा उधळली. पुढे १९१६ मध्ये लखनौला दोन्ही पक्ष एकत्र येईपर्यंत काँग्रेस दुभंगलेली राहिली. वऱ्हाड-नागपूरकडचे प्रतिनिधी तापीखोऱ्याच्या नव्या रेल्वेने आले असतील तर तेही आमच्याच स्टेशनांवरून गेले असतील. ही जागा मराठी माणसाने पाहून ठेवावी अशी आहे. एका शिकलेल्या रिक्षावाल्यालाही ती सांगता आली नाही, आणि सांगेल असा फलक मला दिसला नाही.

१३ जानेवारी, शनिवार

महिधरपुऱ्याचा हिरा बाजार. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना स्कूटर, स्कूटरच्या सीटवर पांढरा कागद उलगडलेला, त्यात हिरे. दलाल भिंग डोळ्याला लावून उन्हात पाहतो, पुडी दुमडतो, खिशात टाकतो, पुढे जातो. लाखांचा व्यवहार तोंडी, विश्वासावर. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ इथल्या घंटीवरून, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावरून, जातात असं हा धंदा सांगतो. गेल्या महिन्यात, १७ डिसेंबरला, खजोदला सुरत डायमंड बुर्सचं उद्घाटन झालं. नऊ मनोरे, ६७ लाख चौरस फूट. बाजार तिकडे हलावा असा प्रयत्न आहे. गल्ली मात्र आज गच्च भरलेली होती. इथे घराजवळ दुकान आहे, ओळखीचा माणूस आहे, चहावाला आहे. माणसं धंद्यासाठी जागा निवडतात तेव्हा या गोष्टी मोजतात.

तिथून डबगरवाड. उद्या उत्तरायण. पतंगांचे ढीग आणि रस्त्याच्या कडेला खांबाला ताणलेला मांजा, त्यावरून गुलाबी रंग आणि काचेची पूड लावलेला हात पुढे-मागे फिरतोय. कारागिरांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. गर्दीत गुजराती, मराठी, हिंदी, उडिया सगळं ऐकू येत होतं.

१४ जानेवारी, रविवार

उत्तरायण. सकाळपासून सगळं शहर गच्चीवर. लिंबायतच्या गच्च्यांवर तिळगूळही आणि उंधियोही. नाशिकचा हुरडा आठवावा असा इथला पोंक, हिरव्या ज्वारीचा, लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर. गच्चीवरून रेल्वेचे रूळ दिसत होते. मामींनी शेजारच्या ओडिया मुलांना जेवायला बोलावलं. ती चौघं एका खोलीत राहतात, घरी जायला यंदा सुट्टी मिळाली नाही. पन्नास वर्षांपूर्वी मामा याच जागी होते.

संध्याकाळी तारांवर अडकलेला मांजा काढायला गल्लीतली मुलं काठ्या घेऊन निघाली, पक्षी जखमी होतात म्हणून. शाळेत बाईंनी सांगितलं होतं.

१६ जानेवारी, मंगळवार

उद्या परत निघायचं. आज महापालिकेच्या मराठी शाळेत गेले. सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते. गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी. देशात फार थोड्या महापालिका असं करत असतील. सातवीच्या वर्गात मी मुलांना विचारलं, तुमच्यातलं सुरतेला पहिल्यांदा कोण आलं? बहुतेकांनी आजोबा सांगितले. कोणत्या साली, कोणत्या कामाला, हे मोजक्याच मुलांना सांगता आलं.

सुरत आलेल्यांनीच घडवलेलं गाव आहे. हजचे यात्रेकरू, आर्मेनियन व्यापारी, डच, इंग्रज, पारशी, मग सौराष्ट्राचे हिऱ्यावाले, खानदेशचे लूमवाले, गंजामचे विणकर. त्यांतल्या वखारवाल्यांची थडगी राखली आहेत आणि ती राखलीच पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत ४४ लाखांवर गेलेलं हे शहर ज्यांच्या बारा तासांच्या पाळ्यांनी वाढलं, त्यांची एकही वास्तू, एकही शेड, एकही नाव जपलेलं मला आढळलं नाही. किल्ल्यातल्या संग्रहालयात एक दालन चालू शटल लूमचं असावं, सोबत कारागिरांचे आवाज असावेत. उधना स्टेशनवर ताप्ती व्हॅली रेल्वेची माहिती मराठीत आणि गुजरातीत लावावी. हे फार खर्चाचं काम नाही.

खानदेशातल्या आणि सुरतेतल्या मराठी घरांना माझी विनंती आहे. तुमच्या घरातून सुरतेला पहिल्यांदा कोण गेलं, कोणत्या साली, कोणत्या स्टेशनावरून, कोणत्या खात्यात, किती मजुरीवर, कुणाच्या खोलीत राहिलं, चौऱ्याण्णवला आणि दोन हजार सहाला काय झालं, हे त्यांच्याच तोंडून ऐकून वहीत लिहून ठेवा. जुने रेल्वे पास, मजुरीच्या चिठ्ठ्या, खात्यासमोरचे फोटो टाकू नका. शिक्षकांनी हा प्रकल्प म्हणून मुलांना द्यावा. बहात्तरच्या दुष्काळानंतर आलेली पिढी आता सत्तरीत आहे आणि तिच्यातल्या अनेकांना ऐकू कमी येतं. त्यांना विचारायचं असेल तर याच वर्षी विचारा.